लग्नातले उरलेले तेल कुठे जाते?



गेल्या उन्हाळ्यात माझ्या सजातल्या एका गावी लग्नाला गेलो होतो. मुलीचे वडील चांगल्या ओळखीचे. चार एकर सोयाबीन, दोन एकर करडई आणि माणूस हिशोबी. पंगती उठल्यावर हात धुवायला मांडवामागे गेलो तर आचारी चुलाणावरून कढई उतरवत होता. सकाळपासून तिच्यात पुऱ्या, भजी, पापड आणि पुन्हा पुऱ्या तळून निघाल्या होत्या. तेल काकवीसारखे काळपट-तांबडे झाले होते, वर फेस होता. निवल्यावर ते गाळून भरले तर दीड डबा निघाले.

मी सहज विचारले, "दादा, या तेलाचं काय करणार?"

ते म्हणाले, "साहेब, डबा दोन हजारांच्या वर गेलाय. टाकून द्यायचं का काय? अर्धा डबा घरात भाजीला पुरंल. आन् एक डबा बाजारातल्या भजेवाल्या मावशीनं सांगून ठेवलाय, निम्म्या किमतीत."

तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नाही. आपल्याकडे हेच चालते. पुढच्या आठवडी बाजारी माझी सात वर्षांची मुलगी बरोबर होती. तिने भज्यांचा हट्ट धरला. मावशींच्या गाड्यावरून कागदात भजी घेतली आणि वास आल्याबरोबर मला तो डबा आठवला. मुलगी चार भजी खाऊन म्हणाली, "बाबा, घसा खवखवतोय." मी पैसे दिले आणि मुकाट्याने घरी आलो. मावशींना काही बोललो नाही, यजमानांनाही नाही. ते गप्प बसणे मला अजून टोचते. म्हणून हा लेख.

कोणी म्हणेल, कृषी खात्याच्या माणसाने बियाणे, खते, फवारणीचे बोलावे, कढईत कशाला डोकवावे? पण मंडळी, करडई आपणच पेरतो, भुईमूग आपणच काढतो, घाण्यावर आपणच नेतो आणि शेवटी खातोही आपणच. पेरणीपासून पोटापर्यंतची ही साखळी एकच आहे, आणि ती तुटते ती शेवटच्या दोन कड्यांत, म्हणजे साठवणीत आणि कढईत.

भेसळ वेगळी, हे वेगळे

तेलाचे विष म्हटले की आपल्याला भेसळ आठवते. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचे तेल मिसळले गेले आणि साठाहून जास्त माणसे दगावली. तिथे कुणीतरी गुन्हा केला होता. आज मी ज्याबद्दल लिहितो आहे, त्यात गुन्हेगार कोणी नाही. चांगले, शुद्ध, आपल्या डोळ्यांदेखत घाण्यावर काढलेले तेलसुद्धा आपल्याच घरात, आपल्याच हाताने बिघडते. त्याला आपण साध्या शब्दात 'खवट' म्हणतो आणि सोडून देतो.

खवटपणा म्हणजे काय, हे एकदा नीट समजून घेऊ. तेलाचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग होतो. ऊन, उष्णता, ओल आणि तांबे-लोखंडासारखे धातू या संयोगाला घाई करतात. सुरुवातीला तेलात पेरॉक्साइड नावाची संयुगे तयार होतात. त्यांना वास नसतो, चव नसते. ती पुढे फुटतात आणि त्यांच्यातून अल्डिहाइड नावाच्या पदार्थांचे कुटुंबच बाहेर पडते. नाकाला जो खवट वास येतो तो यांच्यातल्या काहींचा. म्हणजे वास येईपर्यंत तेल बरेच पुढे गेलेले असते.

ही क्रिया तुम्ही डोळ्यांनी पाहिलेली आहे. दाराच्या चौकटीला, बैलगाडीच्या लाकडाला जवसाचे तेल लावतात. चार दिवसांत ते 'सुकते' असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात ते पाण्यासारखे उडून जात नाही. प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि त्याचा कातडीसारखा पापुद्रा बनतो. तुमच्या घरातल्या कढईच्या काठाला जो तपकिरी, चिकट, घासून न निघणारा थर बसलेला असतो, तो याच जातीचा. आता विचार करा, तो थर काठावर बसला तसा तेलातही विरघळून राहिला, आणि तेच तेल आपण उद्याच्या फोडणीला घेतले.

सगळी तेले सारख्या वेगाने बिघडत नाहीत. जवसात निम्म्याहून जास्त भाग अतिशय नाजूक अशा लिनोलेनिक आम्लाचा असतो, म्हणून ते सर्वांत लवकर जाते. करडई, सूर्यफूल आणि सोयाबीनच्या तेलात लिनोलिक आम्लाचा वाटा मोठा. हृदयासाठी ते चांगले म्हणून आपण घेतो आणि ते खरेही आहे, पण तासन्तास उकळत्या कढईत हेच आम्ल आधी फुटते. भुईमुगाच्या तेलात ओलिक आम्ल जास्त, म्हणून ते तळणात जास्त टिकाव धरते. तिळाच्या तेलात निसर्गानेच राखणदार घटक ठेवले आहेत, म्हणून तेही बराच काळ चांगले राहते. सांगायचा मुद्दा, चटणीवर घेण्याचे तेल आणि तळणाचे तेल एकच असले पाहिजे असे नाही.

कोंबडीला चालत नाही, ते पोराला चालते?

कुक्कुटपालन करणाऱ्या मंडळींना एक गोष्ट मी नव्याने सांगायला नको. खाद्यात खवट तेल किंवा जुना, खवट झालेला भाताचा कोंडा आला की पिल्ले पडायला लागतात. खवट चरबी खाद्यातले ई जीवनसत्त्व खाऊन टाकते. ते कमी पडले की पिल्लाच्या मेंदूला इजा होते, मान वाकडी होते, पाय ताणले जातात, पिल्लू पाठीवर पडून तडफडते. म्हणून खाद्य कंपन्या खाद्यात तेल टिकवणारी द्रव्ये घालतात आणि म्हणूनच कुक्कुटपालक पोते उघडून आधी वास घेतो. वास आला तर गाडी परत पाठवतो, व्यापाऱ्याशी भांडतो.

तोच माणूस संध्याकाळी बाजारातून काळ्या तेलातली भजी पोरांना नेतो. मीही नेली. चाळीस दिवसांच्या कोंबडीसाठी आपण जे तपासतो, ते साठ-सत्तर वर्षे जगायच्या लेकरासाठी तपासत नाही. मला वाटते, या प्रश्नाचे मूळ इथेच आहे. कोंबडी मेली तर नुकसान लगेच दिसते. माणसाच्या शरीरातले नुकसान दिसायला वर्षे लागतात.

शरीरात नेमके काय होते? तेलातल्या पेरॉक्साइडचा बराचसा भाग आतड्यात मोडला जातो. पण अल्डिहाइड रक्तात शिरतात. त्यातल्या चार-हायड्रॉक्सी-नोनेनल नावाच्या पदार्थाकडे ऑस्ट्रियातले जीवरसायन शास्त्रज्ञ हेर्मान एस्टरबाउअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली शास्त्राचे लक्ष वेधले. लिनोलिक आम्लासारखी आम्ले फुटली की हा तयार होतो आणि पेशीतल्या प्रथिनांना, इतकेच नव्हे तर आनुवंशिक द्रव्यालाही चिकटतो. आपले यकृत अशा पदार्थांचा निचरा करत असते, आणि म्हणूनच कधीतरी खाल्लेल्या दोन भज्यांनी कोणी आजारी पडत नाही. पण रोजच्या रोज ओझे टाकले तर? फार तापवलेले तेल सतत खाऊ घातलेल्या उंदरांची वाढ खुंटते, यकृत मोठे होते, हे प्रयोगांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे.

दुसरा पदार्थ आक्रोलिन. तेलाचा धूर निघाला की डोळे चरचरतात, ठसका लागतो, तो प्रामुख्याने याचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात जास्त तापमानावरच्या तळणाचा धूर हा 'माणसात कर्करोग घडवण्याचा संभव असलेल्या' गटात टाकला, आणि २०२१ मध्ये आक्रोलिनलाही त्याच गटात नेले. तळलेले सगळे घर खाते, पण तो धूर छातीत जातो तो चुलीपाशी बसलेल्या बाईच्या. दिवाळीत सलग दोन-तीन दिवस खिडकी नसलेल्या स्वयंपाकघरात चकल्या-शेव तळणाऱ्या आपल्या आया-बहिणींचा विचार या बाजूने कोणी केला आहे का?

"आमच्या आज्यानं काय खाल्लं?"

हा प्रश्न मला प्रत्येक बैठकीत विचारला जातो. "साहेब, आमचा आजा नव्वद वर्षं जगला. त्यानं कधी तेल मोजून खाल्लं नाही."

खरे आहे. पण आजोबांच्या घरात तळण व्हायचे ते दिवाळीला, पोळ्याला, लग्नाकार्याला. वर्षातले दहा-पंधरा दिवस. एरवी भाकरी, कोरड्यास, ठेचा आणि त्यावर घाण्याचे कच्चे तेल. तेल महाग आणि थोडे, म्हणून कढईतही थोडेच. संपून जायचे, उरायचे नाही. आज फाट्यावर सकाळी वडा, दुपारी कामावर फरसाण, संध्याकाळी भजी. पाच-दहा रुपयांच्या पुड्या पोरांच्या हातात दिवसभर. तळलेले आता सणाचे राहिले नाही, रोजचे झाले. आजोबांचा दाखला आजच्या ताटाला लागू पडत नाही.

आणि तेल उरायला लागले तेव्हापासून त्याचा प्रवास सुरू झाला. लग्नातले तेल गाड्यावर येते. मोठ्या फरसाणवाल्याचे लहान फरसाणवाल्याकडे जाते. ढाब्यावरचे कोण्या चहावाल्याच्या वड्याला जाते. प्रत्येक पायरीला तेल अधिक काळे आणि अधिक स्वस्त होत जाते. सर्वांत शेवटी ते खाते कोण? बाजाराला आलेला मजूर, शाळेतून सुटलेले पोर आणि दसऱ्यानंतर कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागणारी आपल्या जिल्ह्यातली ऊसतोड मंडळी. ज्याच्या खिशात पैसा कमी, त्याच्या पोटात जुने तेल जास्त. काटकसर यजमानाची होते आणि किंमत दुसराच मोजतो. माझी खरी तक्रार आहे ती ही.

कायदा काय सांगतो

तेल तापत गेले की त्यात बिघडलेल्या घटकांचे प्रमाण वाढत जाते. हे प्रमाण मोजायचे एक माप आहे, त्याला 'टोटल पोलर कम्पाउंड' म्हणतात. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानक प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून नियम लागू केला की हे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलेले तेल खाद्यपदार्थांसाठी वापरायचे नाही. नियम मोठ्या हॉटेलला आहे तसा गाड्यालाही आहे. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणाला वापरणाऱ्यांना वापराची आणि उरलेल्या तेलाची नोंद ठेवावी लागते. शक्यतो तेल पुन्हा तापवू नये आणि तापवलेच तर तीन वेळांपेक्षा जास्त नको, असा प्राधिकरणाचा सल्ला आहे. १० ऑगस्ट २०१८ रोजी वापरलेले तेल गोळा करून त्यापासून बायोडिझेल बनवण्याची योजनाही सुरू झाली.

नियम चांगला आहे. पण तो शहराच्या वेशीपाशी थांबतो. मोजायचे यंत्र निरीक्षकाच्या हातात, निरीक्षक जिल्ह्याला आणि आपला बाजार दर बुधवारी. लग्नाच्या मांडवाला तर कोणी विचारतच नाही. तेव्हा निरीक्षकाची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

खवटपणा शेतातूनच घरात येतो

आता माझ्या खात्याचे बोलतो. घाण्याचे तेल घेतले म्हणजे झाले, असा एक समज हल्ली पसरला आहे. लाकडी घाणा चांगलाच, पण दाणा खवट असेल तर घाणा काय करणार? "खवट झालेत दाणे, तेल काढून टाका, वास जाईल," असे म्हणणारे मला दर वर्षी भेटतात. वास जात नाही आणि बिघाडही जात नाही. रिफायनरीत वास काढता येतो, पण तेलात घट्ट झालेले घटक पूर्ण निघत नाहीत.

दाण्याच्या आत तेल सुरक्षित असते, कारण निसर्गाने त्यावर कवच दिले आहे. कवच फुटले की हवा शिरते. म्हणून भुईमूग शेंगेतच ठेवा. व्यापाऱ्याने फोडून मागितला आणि भाव पडला म्हणून फोडलेले दाणे उन्हाळाभर पत्र्याच्या खोलीत ठेवले, तर ते खवट होणारच. शेंग वाळवताना ओलावा आठ-नऊ टक्क्यांवर आला पाहिजे. यंत्र नसेल तर शेंग कानाशी हलवून बघा, दाणा खुळखुळला पाहिजे. पोती भिंतीला टेकवू नका, खाली लाकडी फळ्या टाका. फुटके, चेचलेले दाणे आधी वेगळे काढा, कारण सुरुवात तिथून होते. बुरशीचे विष अफलाटॉक्सिन हा वेगळा विषय आहे, पण ओल आणि फुटका दाणा ही दोघांचीही वाट एकच.

बाजरीचेही असेच. गव्हात स्निग्धांश दीड-दोन टक्के, बाजरीत साधारण पाच. दळल्याबरोबर दाण्यातले तेल उघडे पडते, दाण्यातलेच एन्झाइम ते फोडायला लागते आणि आठ-दहा दिवसांत पीठ कडसर होते. "बाजरी कडू निघाली" म्हणून बियाण्याला शिव्या देणारे शेतकरी मी पाहिले आहेत. दोष बियाण्याचा नसतो, महिन्याचे दळण एकदम आणल्याचा असतो. आठवड्याचेच दळा. कारखान्यावर जाणाऱ्यांनी शक्य असेल तिथे पीठ न नेता धान्य न्यावे आणि तिकडच्या गिरणीवर दळावे. जवसाची चटणी, कारळाची चटणी, किसलेले खोबरे हे सगळे थोडे थोडे करा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि लवकर संपवा.

पुढचा विचार करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ओलिक आम्ल जास्त असलेली, म्हणजे तेल जास्त टिकणारी वाणे आता आपल्या देशात तयार झाली आहेत. भुईमुगात 'गिरनार-४' आणि 'गिरनार-५' ही त्यातलीच. हैदराबादच्या भारतीय तेलबिया संशोधन संस्थेने करडईतही अशी वाणे दिली आहेत. आपल्या भागासाठी शिफारस काय आहे, हे लातूरच्या गळीत धान्य संशोधन केंद्रात किंवा कृषी विद्यापीठात विचारून मगच पेरा. पण विचारायला मात्र लागा. तुम्ही विचारल्याशिवाय बियाणे गावापर्यंत येत नाही.

घरात एवढे करा

तेल फेकून द्या, असे मी म्हणत नाही. शेतकऱ्याच्या घरात ते पटणारही नाही. मी म्हणतो, उरू देऊ नका.

कढई लहान घ्या. चार माणसांच्या भज्यांना पाव किलो तेल पुरते, आपण मात्र अर्धी कढई भरतो आणि मग उरलेल्याची चिंता करतो. धूर निघेपर्यंत तापवू नका. आधी पुऱ्या-पापड तळा, बेसनाचे आणि मसाल्याचे शेवटी, कारण बेसनाचे कण तळाशी जळतात आणि तेल लवकर जाते. उरले तर निवल्यावर फडक्याने गाळून स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात, चुलीपासून लांब ठेवा. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात तेल कधीच ठेवू नका. गाळलेले तेल एक-दोन दिवसांत भाजीत संपवा, पुन्हा तळणाला चढवू नका.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कालच्या तेलात आजचे नवे तेल ओतू नका. दुधाला जसे विरजण, तसे जुने तेल नव्या तेलाला विरजण लावते. चमचाभर जुन्याने डबाभर नवे लवकर बिघडते. म्हणून तेलाचा डबासुद्धा घासून, वाळवून मगच भरा.

तेल गेले हे कसे ओळखायचे? नुसत्या रंगावर जाऊ नका, हळद-तिखटानेही रंग येतो. तेल दाट झाले, बोटाला चिकट लागले, पदार्थ काढल्यावरही फेस बसत नसेल, मंद आचेवरच धूर निघत असेल, वास घशाला लागत असेल, तर ते तेल संपले असे समजा. मग ते भाजीलाही नको, जनावराच्या पेंडीवरही नको आणि कोंबडीच्या खाद्यातही नको.

गावाने एवढे करावे

आता सरपंच, सदस्य आणि भाऊसाहेबांशी थोडे बोलतो.

त्या बाजारानंतर महिन्याभराने मी मावशींकडे पुन्हा गेलो. बाजार उठता उठता बसलो आणि मनातले सांगितले. त्यांनी रागावायला पाहिजे होते, पण रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "साहेब, मला बी कळतंय. माझा नातू हितंच खातोय. पर नवं तेल घालून दर वाढवला तर गिऱ्हाईक पलीकडच्या गाड्यावर जातंय. त्यो बी काळंच तेल वापरतोय. मी एकलीनं शहाणपणा करून उपाशी मरू का?"

या प्रश्नाला माझ्याकडे एकट्याने द्यायचे उत्तर नव्हते. एका विधवा बाईवर कारवाई करून हा प्रश्न सुटणार नाही. उलट दुसरा गाडा लागेल. नियम सगळ्यांना एक असेल तरच प्रामाणिक माणूस टिकतो. आणि बाजारात सगळ्यांना एक नियम लावण्याचा अधिकार ग्रामपंचायतीकडे आहे, कारण बाजाराची जागा तुमची, वसुली तुमची आणि लिलावही तुमचा.

पुढच्या ग्रामसभेत तीन गोष्टी घ्या. पहिली, बाजार वसुलीच्या लिलावात अट घाला की तळणाच्या गाड्यावर आदल्या दिवसाचे तेल चालणार नाही. जो गाडेवाला संध्याकाळी उरलेले तेल पंचायतीच्या डब्यात जमा करील, त्याला त्या दिवसाची पावती माफ करा. पंचायतीचे नुकसान फार होणार नाही.

दुसरी, लग्न. आचाऱ्याशी बोलणी करतानाच ठरवा की उरलेले काळे तेल कोणाला खायला विकायचे नाही. मंगल कार्यालय पंचायतीचे किंवा देवस्थानचे असेल तर ही अट पावतीवरच छापा.

तिसरी, जमा झालेल्या तेलाचे काय करायचे. बायोडिझेलसाठी तेल नेणारे परवानाधारक एका घरासाठी फाट्यावरून आत वळत नाहीत, पण पाच-सहा गावांचे आणि एका लगीनसराईचे तेल एका जागी असेल तर त्यांच्याशी बोलता येते. ते जमेपर्यंत बचत गटांना कपड्यांचा साबण करता येतो. वापरलेले तेल आणि कॉस्टिक सोडा एवढ्यावर तो होतो. कॉस्टिक फार दाहक आहे. ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नका, पोरांना जवळ येऊ देऊ नका आणि शिकल्याशिवाय हात घालू नका. बाकी सेंट्रिंगच्या फळ्या आहेत, गंज धरू नये म्हणून वखराच्या फासा आहेत, बिजागऱ्या आहेत. पोटाशिवाय त्या तेलाला पुष्कळ जागा आहेत. नाल्यात मात्र ओतू नका.

शाळा आणि अंगणवाडीबद्दल वेगळे सांगायला नको. आहार शिजवणाऱ्या ताईंवर संशय घ्यायचा नाही, पण समितीच्या सदस्यांनी महिन्यातून एकदा तेलाचा डबा उघडून वास घ्यायला काय हरकत आहे? कोंबडीच्या खाद्याचा घेतोच की आपण.

मावशींनी आता लहान कढई घेतली आहे. दिवसभर थोडे थोडे नवे तेल घालतात. बाजारभर भजी निघत राहतात, तेल संपत राहते आणि संध्याकाळी वाटीभर उरते. दिवसात कमी पडेल तसे नवे घालणे वेगळे आणि कालच्यात आजचे ओतणे वेगळे, हे त्यांना एकदा सांगितले आणि कळले. हिशोबही त्यांनीच मांडला. स्वस्त म्हणून घेतलेले जुने तेल दाट असते, भज्याला जास्त चिकटते आणि लवकर संपते. त्यात वाचत होते ते फार थोडे. पण पलीकडचा गाडा अजून तसाच आहे आणि त्यांचे गिऱ्हाईक थोडे कमी झाले आहे. गावाने हात दिला नाही तर त्या किती दिवस टिकतील, सांगता येत नाही.

ज्यांच्या घरचे ते लग्न होते, त्या दादांशीही बोललो. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "आधी बोलायचं की साहेब." त्यांचे बरोबर आहे. मी आधी बोलायला पाहिजे होते. त्यांच्या धाकट्या मुलीचे लग्न येत्या वैशाखात आहे. या खेपेला आचाऱ्याशी बोलताना त्यांनी मला बोलावले आहे. ग्रामसभेला तुम्ही बोलावले तर तिथेही येईन. तारीख भाऊसाहेबांनी तेवढी आधी कळवावी.